चाळीस वर्षं शेजारच्या खुर्चीत: क्रिस डेलीचं करियर

आम्ही हार्टफर्डजवळ राहतो. इन्शुरन्स कंपन्यांचं गाव हे, त्यामुळे आयटीतली मराठी माणसं इथे भरपूर, आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच हिवाळ्यात दोन गोष्टी कळतात, एक म्हणजे गाडीवरचा बर्फ कसा काढायचा आणि दुसरी म्हणजे यूकॉनच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कनेक्टिकटच्या, मुलींची बास्केटबॉल टीम. कनेक्टिकट राज्यात एनबीएची टीम नाही, त्यामुळे इथल्या लोकांचा सगळा जीव कॉलेज टीमवर, आणि तोही मुलींच्या टीमवर जास्तच. आमच्या शेजारच्या आजींना १९९५ च्या टीमच्या मुलींची नावं अजून पाठ आहेत.

माझी लेक हायस्कूलमध्ये खेळते, पॉइंट गार्ड आहे, पण मोठ्या कॉलेजात खेळण्याइतकी आपण चांगली नाही हे तिचं तिला कळलंय आणि त्यावर तिने स्वतःच उत्तर काढलंय, की मी कोच होणार. मागच्या हिवाळ्यात एकदा मॅच बघताना तिने हेड कोच जीनो ऑरिएमाच्या शेजारी बसलेल्या बाईंकडे बोट दाखवून विचारलं, "आई, ह्या इतक्या वर्षांपासून इथेच आहेत, मग हेड कोच का नाही झाल्या?" मी काहीतरी थातूरमातूर बोलले खरी, पण ते उत्तर मलाच पटलं नाही. मग जमेल तसं वाचत गेले, जुन्या मॅचेस बघितल्या, आणि असं वाटायला लागलं की ज्या मुलीला कॉलेजमध्ये असिस्टंट कोच व्हायचंय तिने आधी हे एक करियर नीट समजून घ्यावं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

त्या बाई म्हणजे क्रिस डेली. सगळे त्यांना सीडी म्हणतात. मूळच्या न्यू जर्सीच्या, न्यू ब्रन्सविकच्या, आणि खेळल्या त्याच गावातल्या रटगर्स युनिव्हर्सिटीकडून. १९८२ ला त्यांची टीम नॅशनल चॅम्पियन झाली, फायनलमध्ये टेक्ससला ८३-७७ ने हरवून, तीही फिलाडेल्फियाच्या पॅलेस्ट्रा स्टेडियममध्ये. पण त्या ट्रॉफीची एक वेगळीच गोष्ट आहे. तोपर्यंत मुलींच्या कॉलेज खेळांची स्पर्धा एआयएडब्ल्यू नावाची वेगळी संस्था भरवायची, बायकांनी बायकांसाठी चालवलेली. त्याच वर्षी एनसीएएने, म्हणजे मुलांचे खेळ चालवणाऱ्या मोठ्या संस्थेने, मुलींची स्वतःची पहिली स्पर्धा भरवली आणि ती लुइझियाना टेकने जिंकली. म्हणजे १९८२ ला देशात दोन चॅम्पियन, आणि डेलींची टीम ही बंद पडत चाललेल्या संस्थेची शेवटची चॅम्पियन. खेळाडू म्हणून त्या जिथे जिंकल्या ती स्पर्धा पुढच्या वर्षी नव्हतीच.

हे मुद्दाम सांगतेय, कारण त्या ज्या वर्षी कोचिंगमध्ये आल्या त्या वर्षी हे करियर म्हणजे नक्की काय हे कुणालाच माहीत नव्हतं. टायटल नाइनचा कायदा १९७२ चा, मुलींच्या खेळांना कॉलेजांनी समान संधी द्यायची असा, पण कायदा झाला म्हणून जिम आणि पगार लगेच येत नाहीत. डेली आधी कॉर्नेलला असिस्टंट झाल्या, मग परत रटगर्सला, आणि १९८५ ला स्टॉर्सला आल्या, म्हणजे यूकॉनला. ऑरिएमा तेव्हा एकतीस वर्षांचा, व्हर्जिनियात असिस्टंट होता, हेड कोच म्हणून त्याची ही पहिलीच नोकरी, आणि डेली तर त्याच्याहून लहान, पंचविशीतल्या.

स्टॉर्स आम्ही बघितलंय, आजही तिथे जाताना दोन्ही बाजूला शेतं आणि गाईचे गोठे लागतात, मूळ शेतकी शाळाच ना ती. १९८५ ला तिथल्या मुलींच्या टीमने आख्ख्या इतिहासात एकच सीझन असा खेळला होता की जिंकलेल्या मॅचेस हरलेल्यांपेक्षा जास्त. प्रॅक्टिस फील्ड हाउसमध्ये, ती जागाही इतर खेळांबरोबर वाटून घ्यायची आणि पाऊस आला की छत गळायचं. पहिल्या सीझनमध्ये १२ जिंकल्या, १५ हरल्या. ऑरिएमाच्या चाळीस वर्षांतला तो एकच सीझन ज्यात हार जास्त आहे.

आता विचार करा, असल्या जागी देशातल्या चांगल्या मुली यायच्या कशा? हेच काम असिस्टंटचं. टीव्हीवर आपल्याला दिसतो हेड कोच, ओरडणारा, बोर्डवर रेघा मारणारा, पण कॉलेज बास्केटबॉलमध्ये निम्मी लढाई मॅचच्या दोन-तीन वर्षं आधी सुरू होते, एखाद्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या घरी, तिच्या आईवडिलांसमोर बसून. उन्हाळ्यात क्लब टीम्सच्या टूर्नामेंट्स असतात, एकेका हॉलमध्ये आठ-आठ कोर्ट, असिस्टंट कोच सकाळपासून रात्रीपर्यंत तिथे बसून बघतात, फक्त मुलगी शूट कसं करते हे नाही, तर बदली झाल्यावर बेंचवर बसून ती काय करते, आईशी कशी बोलते हेसुद्धा. मुलीला कधी फोन करायचा, कधी भेटायचं, वर्षातले कोणते दिवस नुसतं लांबून बघायचं आणि बोलायचं नाही, याचे एनसीएएचे नियम इतके बारीक आहेत की ते पाठ असणं हीच अर्धी नोकरी. यूकॉनमध्ये रिक्रूटिंगचा मोठा भार पहिल्यापासून डेलींवर होता. १९८७ ला न्यू हॅम्पशरची केरी बास्कम आली आणि तिच्या काळात टीम वर आली, १९८९ ला पहिल्यांदा बिग ईस्ट कॉन्फरन्स, म्हणजे ती खेळायची ती कॉलेजांची लीग, जिंकली आणि पहिल्यांदाच देशपातळीवरच्या एनसीएए टूर्नामेंटमध्ये गेली. १९९० ला गॅम्पल पॅव्हिलियन हे यूकॉनचं नवीन स्टेडियम उघडलं, १९९१ ला पहिली फायनल फोर, म्हणजे देशातल्या शेवटच्या चार टीम्समध्ये, आणि तिथे व्हर्जिनियाकडून हरले, म्हणजे ऑरिएमाच्या जुन्या बॉसच्या टीमकडून. त्यानंतर मॅसॅच्युसेट्सची रिबेका लोबो आली आणि १९९५ ला ३५-० चा सीझन, पहिलं नॅशनल टायटल.

रिक्रूटिंग झालं की मुलगी कॉलेजात येते आणि मग असिस्टंटचं दुसरं काम सुरू होतं, ज्याला ठरलेलं नाव नाही. अठरा वर्षांची पोर, घरापासून लांब, गावात स्टार होती आणि इथे पहिल्याच आठवड्यात कळतं की इथे सगळ्याच स्टार आहेत. ती क्लासला जाते का, जेवते का, गुडघा दुखतोय ते लपवते का, बॉयफ्रेंडशी भांडण झालंय का, घरी कुणी आजारी आहे का. हेड कोच बोलला की ती रडत बाहेर येते तेव्हा दाराबाहेर कोण उभं आहे? यूकॉनमध्ये ते माणूस बहुतेक वेळा डेली, पण म्हणजे त्या मऊ बाजू आहेत असं कुणी समजू नये. शिस्त, वेळ पाळणं, नीट कपडे, लोकांशी नीट वागणं, टीमची रोजची घडी, हे सगळं त्यांच्याकडे, आणि त्यात त्या कडक म्हणून प्रसिद्ध आहेत. हसतखेळत माफ करणारी मावशी नाही ती.

हे वाचताना मला आमच्या कॉलेजातल्या मॅडम सारख्या आठवत होत्या. मी साताऱ्याकडे शिकत असताना खोखो खेळायचे, इंटरझोनलला टीम बाहेरगावी जाणार म्हणजे एक लेडी मॅनेजर बरोबर हवीच, त्या मॅडम मराठी शिकवायच्या, खोखोतलं त्यांना फारसं कळत नव्हतं पण एसटीचं बुकिंग, राहायच्या खोल्या, कुणाची पाळी आली, कुणाच्या वडिलांना फोन करून पटवायचं, कुणाला रात्री ताप भरला, सगळं त्यांच्या अंगावर. ट्रॉफीबरोबरच्या फोटोत सर मध्ये आणि मॅडम नाहीतच, कारण फोटो त्यांनीच काढला होता. डेलींच्या बाबतीत एक मोठा फरक आहे आणि मला वाटतं सगळं करियर त्या फरकावर उभं आहे, तो म्हणजे त्यांना त्या कामाचा हुद्दा मिळाला. १९८८ ला, आल्यापासून तीनच वर्षांत, टीम अजून काहीच जिंकली नव्हती तेव्हा, त्यांना असोसिएट हेड कोच केलं. असिस्टंट आणि असोसिएट हेड कोच हा शब्दांचा खेळ वाटेल, पण मुलीच्या घरी जाऊन बसल्यावर आपण शब्द देऊ शकतो की "विचारून सांगते" म्हणतो, हा तो फरक आहे.

आता लेकीच्या प्रश्नाकडे येते. १९९५ नंतर कुठलीही युनिव्हर्सिटी अशा माणसाला हेड कोच म्हणून घ्यायला तयार झाली असती. अमेरिकेत हा धंदा शिडीसारखाच चालतो, असिस्टंट म्हणून पाच-सात वर्षं काढायची, मग छोट्या कॉलेजची हेड कोच, मग मोठ्या. यूकॉनमधूनच बघा किती जणी गेल्या. टोन्या कार्डोझाची तर गंमतच आहे, १९९१ ला यूकॉनला हरवणाऱ्या व्हर्जिनियाच्या टीममध्ये ती खेळत होती, आणि १९९४ ला यूकॉनची असिस्टंट झाली, चौदा वर्षं राहिली, मग २००८ ला टेम्पलची हेड कोच, आणि तिथली नोकरी संपल्यावर परत यूकॉनला. जमेल एलियट १९९५ च्या चॅम्पियन टीमची खेळाडू, बारा वर्षं असिस्टंट, २००९ ला सिनसिनाटीची हेड कोच झाली, नऊ सीझन राहिली, हार जास्त झाली, २०१८ ला तिला काढलं, आणि २०२० पासून तीही परत यूकॉनच्या बेंचवर. शे राल्फ २०२१ ला व्हँडरबिल्टला गेली आणि तिथे तिने टीम उभी केलीये.

एलियटच्या वाटेवर मी बराच वेळ थांबले. कारण लोक पटकन म्हणतात की बघा, जमलं नाही. पण सिनसिनाटीला गेलं की यूकॉनचं नाव बरोबर येत नाही ना. तिथे तिला शेजारच्या खुर्चीत डेली कुठून मिळणार? असिस्टंट म्हणून आपण जे शिकतो ते सगळं त्या एका व्यवस्थेत शिकतो, आणि हेड कोच झालो की आधी ती व्यवस्था बांधावी लागते, अध्यक्षांना भेटा, पैसे मागा, स्वतःच्या हाताखाली माणसं नेमा, आणि ही कामं असिस्टंटच्या रोजच्या कामात कुठेच नसतात.

यूकॉनची जुनी प्रतिस्पर्धी टीम म्हणजे टेनेसी, पॅट समिट या कोचची. तिथे मिकी डिमॉस १९८५ लाच असिस्टंट म्हणून आली, बरोबर डेलींच्याच वर्षी. फरक असा की डिमॉस त्याआधी फ्लोरिडाला हेड कोच होती, म्हणजे ती खुर्ची बघून, सोडून आलेली. टेनेसीत अठरा वर्षं काढली, २००३ ला केंटकीची हेड कोच झाली, चार सीझननंतर ते सोडलं आणि पुढे परत असिस्टंटच्या कामात. तिच्याबरोबरची हॉली वॉर्लिक, तीही १९८५ पासूनच समिटची असिस्टंट, ती कुठेच गेली नाही आणि २०१२ ला समिटच्या आजारपणानंतर तिलाच हेड कोच केलं. सात सीझन, त्यात तीनदा टीम देशातल्या शेवटच्या आठात, आणि तरी २०१९ ला काढलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या जागी बसणं म्हणजे तुलना रोजच होणार, ती कुणाला चुकत नाही.

म्हणून २०१८ ची एक बातमी मला फार आवडते. विमेन्स बास्केटबॉल हॉल ऑफ फेम टेनेसीत आहे, नॉक्सव्हिलला, समिटच्याच गावात, आणि त्या वर्षी तिथे एकाच वेळी दोघी असिस्टंट घेतल्या, क्रिस डेली आणि मिकी डिमॉस. वर्षानुवर्षं एकाच मुलीसाठी दोन टोकांकडून खेचणाऱ्या दोघी! एक कधीच न गेलेली, दुसरी दोनदा हेड कोच होऊन परत आलेली. हॉलमध्ये शिरताना दोघींचीही ओळख मुख्यतः शेजारच्या खुर्चीतल्या कामाची.

"मग त्यांना येतच नसेल टीम चालवायला," असं लेक म्हणाली होती. तर तेही बघितलं. ऑरिएमा नसेल तेव्हा टीम डेलीच घेतात आणि अशा डझनभराहून जास्त मॅचेसमध्ये त्या एकदाही हरलेल्या नाहीत. २०२१ च्या मार्चमध्ये तर एनसीएए टूर्नामेंटच्या तोंडावर ऑरिएमाला कोविड झाला, तो घरी आणि टीम सॅन अँटोनियोच्या बबलमध्ये, म्हणजे कोविडमुळे सगळ्या टीम्सना बाहेरच्यांपासून वेगळं ठेवलं होतं तिथे, पहिल्या दोन मॅचेस डेलींनी घेतल्या, हाय पॉइंटला १०२-५९ आणि सिरॅक्यूजला ८३-४७ ने हरवलं, मग तो आला आणि त्या आपल्या खुर्चीत परत गेल्या. त्या दोन मॅचेस आम्ही बघितल्या होत्या, आणि माझ्या लक्षात राहिलं ते हे की टीममध्ये काहीच बदललेलं दिसलं नाही, टीमची स्टार पेज बेकर्स फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाला होती आणि ती नेहमीसारखीच खेळत होती. दोघांपैकी कुणीही उभं असलं तरी मुलींना तोच खेळ, तेच शब्द ऐकू येतात, इतकी वर्षं एकत्र काम केल्याचा हा अर्थ असावा.

उलटी बाजू पुढच्याच वर्षी दिसली. २० नोव्हेंबर २०२२, हार्टफर्डमध्ये एनसी स्टेटबरोबर मॅच, राष्ट्रगीत चालू असताना डेली चक्कर येऊन कोसळल्या आणि त्यांना स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. टीव्हीवर मुलींचे चेहरे दिसत होते, काही जणी रडत होत्या. आमच्या घरात कुणी बोललंच नाही. त्या बऱ्या आहेत असं कळलं, मॅच झाली, ॲझी फडने ३२ पॉइंट केले आणि ९१-६९ ने जिंकले. त्याच सीझनमध्ये ऑरिएमाही आजारी पडून मध्ये मध्ये बाहेर होता आणि तेव्हा परत डेलीच उभ्या होत्या. ही नोकरी माणसाचं शरीर मागते हे कुणी मुलींना सांगत नाही, ऑक्टोबर ते एप्रिल सीझन, उन्हाळा रिक्रूटिंग, मध्ये श्वास घ्यायला किती आठवडे उरतात मोजून बघा.

मला एक गोष्ट खुपतेच आणि ती न लिहिता पुढे जाता येणार नाही. टायटल नाइन आला तेव्हा, १९७२ ला, कॉलेजच्या मुलींच्या टीम्सना नव्वद टक्क्यांहून जास्त कोच बायकाच होत्या. पैसा आला, पगार वाढले, पुरुषही आले, आणि तो आकडा निम्म्याच्याही खाली गेला. यूकॉनमध्येही नाव पुरुषाचं आणि शेजारी बाई, हे चित्र मी डोळे झाकून बघू शकत नाही. पण डेलींकडे फक्त अन्याय झालेली बाई म्हणून बघणं हाही त्यांच्यावर अन्यायच वाटतो मला, कारण चाळीस वर्षांत त्यांना जाण्याची मोकळीक होती आणि त्या राहिल्या. राहणं हा त्यांचा निर्णय होता असं मी मानते. काम मिळालं, हुद्दा मिळाला, जिंकत राहिले, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉस बदलला नाही. असिस्टंट कोचची नोकरी हेड कोचच्या नोकरीला बांधलेली असते, तो गेला किंवा त्याला काढलं की नवीन माणूस स्वतःची माणसं घेऊन येतो आणि जुन्या असिस्टंटला घरदार उचलून दुसऱ्या राज्यात जावं लागतं, मुलांच्या शाळा वगैरे सगळं सोडून. डेलींना ते एकदाही करावं लागलं नाही. हे नशीब आहे, आणि ते कुठल्याही मुलीने धरून चालू नये.

शिवाय आता धंदाच बदललाय. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात आणि कॉलेज बदलणंही सोपं झालंय, त्यामुळे रिक्रूटिंग एकदा करून संपत नाही, स्वतःच्याच टीममधल्या मुलीला दर वसंतात परत पटवावं लागतं. २०२३ पासून मुलींच्या टीमला तीनऐवजी पाच असिस्टंट ठेवता येतात, पण नियम आला तेव्हा बाहेर जाऊन रिक्रूटिंग करायची परवानगी तिघांनाच होती. नवीन मुलींसाठी दारं उघडली खरी, पण त्या दोन जागांवर बसून रिक्रूटिंग शिकणार कसं हा प्रश्न होताच.

२० नोव्हेंबर २०२४, त्या चक्कर आलेल्या दिवसाला बरोबर दोन वर्षं, गॅम्पलमध्ये फेअरली डिकिन्सनला ८५-४१ हरवून ऑरिएमाच्या जिंकलेल्या मॅचेस १२१७ झाल्या, स्टॅनफर्डची कोच टारा व्हँडरव्हीअर हिचा १२१६ चा रेकॉर्ड मोडला. तो सोहळा दोघांच्या चाळीसाव्या सीझनचा म्हणून ठेवला होता, साठाहून जास्त जुन्या खेळाडू आल्या होत्या. आकडा त्याच्या नावावर लागला, रेकॉर्डबुकात हेड कोचचंच नाव येतं. आणि मग ६ एप्रिल २०२५, टॅम्पाला साउथ कॅरोलायनाला ८२-५९ हरवून बारावं टायटल, २०१६ नंतर नऊ वर्षांनी, कितीतरी वेळा इतकं जवळ जाऊन परत आल्यावर.

लेकीला मी हे सगळं सांगितलं, तिने ऐकलं आणि तिचं मत अजून तेच आहे, तिला हेड कोचच व्हायचंय, आणि ते मला चालेल. पण तिने वहीत एक यादी केलीये, कधी असिस्टंटच्या नोकरीचा इंटरव्ह्यू आला तर विचारायचे प्रश्न. हेड कोचचं कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचं उरलंय. मला रिक्रूटिंगला बाहेर पाठवणार का. समोरच्या टीमचा व्हिडिओ कापून गेमप्लॅन कोण मांडणार, मी की दुसरं कुणी. मुलगी रडत बाहेर आली तर तिच्याशी बोलायचा अधिकार मला आहे की नाही. शेवटचा प्रश्न तिने लिहून परत खोडला होता, मी विचारलं तर म्हणाली की तो नीट कसा विचारायचा ते कळत नाहीये. तो असा होता, "तुमच्याकडच्या आधीच्या असिस्टंट आता कुठे आहेत?" मी म्हटलं, अगं, हाच पहिला विचार.